००१

कुडचड्याला, मार्केटच्या मागल्या गल्लीत,
रोमाल्दोच्या दुकानात
मी पाऊण तास दोन यंत्रं तळव्यांवर तोलतोय.
एक गुळगुळीत, मोबाईलच्या थोरल्या भावासारखं,
बोट फिरवलं की नकाशा लोण्यासारखा सरकतो.
दुसरं पिवळं, जाडजूड, कुशीला पाच बटणं,
जुन्या टॉर्चच्या वळणाचं.

"हे घे," रोमाल्दो म्हणतो, "पडदा बघ केवढा!"
मी म्हणतो, हातमोजे दे.
तो हसतो. मी हसत नाही.
नेत्रावळीच्या उतारावर एटीव्ही तिरकी,
अंगठ्याला चिखल,
मागे बेंगळुरूचा कुणी जावई दांडा गच्च धरून ओरडतोय,
तेव्हा लोणी काय कामाचं?
बटण हवं. दाबलं की टक् म्हणणारं.
आणि खाणीची धूळ, रोमाल्दो,
तू काचेआड बसतोस, तुला ती ठाऊक नाही.
कानात जाते, पेजेत जाते,
खाण बंद होऊन वर्षं झाली,
बायको अजून उशीची खोळ पिळते
आणि पाणी तांबडं.

दोन्ही घेऊन बाहेर उन्हात उभा राहतो.
मोठ्या पडद्यात नुसती माझी मिशी दिसते,
पिवळ्यात वाट.
किंमत ऐकल्यावर मात्र
मिशीच बरी वाटायला लागते.

तो पिवळ्यावर आमचा भाग उघडतो.
रिवणच्या पलीकडे करड्या रेषांचे वेढे,
वेढ्यात वेढे, अंगठा उमटवल्यासारखे.
"हा बघ तुमचा डोंगर. उंची दोनशे दहा."

घारमाथा.

"हा नाही आता," मी म्हणतो.
"नाही म्हणजे? सॅटेलाईट आहे बाब, खोटं कसं बोलेल?"

खोटं नाही बोलत. जुनं बोलतं.
तो डोंगर मी नेला रे.
मी आणि पुंडलिक वेळीप आणि कोण कोण,
पहाटे चारपासून टिपरला टिपर चिकटून
वजनकाट्यापर्यंत रांग.
दहा टनांची खेप, दिवसाला सात, कधी आठ,
कापशेंच्या धक्क्यावर रिकामी.
तिथून बार्ज, तिथून मुरगांव, तिथून बोट,
पुढे त्याचे कुठे पूल झाले की पातेली, देव जाणे.
एकदा हिशेबाला बसलो होतो,
माझ्या वाट्याला या वेढ्यांतल्या किती रेषा येतील.
एक तरी येईलच. सगळ्यात वरची, लहानशी,
जिथे आम्ही पोरं चुन्नां वेचायला जायचो.

"अपडेट येईल," म्हणतो रोमाल्दो
आणि डबा गुंडाळायला घेतो.
मी नोटा दोनदा मोजल्या. पिवळंच घेतलं.

संध्याकाळी एकटाच निघालो, पारखायला.
किंदळांच्या दाटीत बाण भांबावला,
उपग्रह हरवले, ओहोळापाशी सापडले.
वाट बरोबर. जुनी शेड बरोबर.
मग कड.
इंजिन बंद केलं.

पडद्यावर मी चढणीला, डोंगराच्या खांद्यावर.
खाली साठ हात खोल हिरवट पाणी,
त्यात कुणी कधी सोडलेले मासे,
काठाच्या पायरीवर गळ टाकून वेळिपांचा पोर.
"मिळाले?"
"दोन," तो वर न बघता.
यंत्र म्हणतं, सरळ जा, माथा चारशे मीटर.

उद्या पाच गिऱ्हाइकं आहेत.
वाट कडेपासून तीस पावलं आत वळवायला हवी.
खुणेचं बटण दाबलं. टक्.
चिन्हं आली: तंबू, नांगर, मासा, कवटी,
अगदी शेवटी एक छोटा त्रिकोणी डोंगरही.
नाव द्या, म्हणालं.
इंग्रजी अक्षरं एकेक फिरवत न्यायची,
घारीतल्या घ ला दोन लागतात,
दुसऱ्यापर्यंत पोचलो नाही तोच अंधारलं.
मग त्यानं आपणहून दिलेलं नाव
राहू दिलं तसंच: ००१.

खाली पोरानं तिसरा ओढला.